मैदानाकडे पाठ करून

आबा, काल तुमची खुर्ची साताऱ्याला नेली होती. टेम्पोत, पोरांच्या बॅगांवर आडवी टाकून. तुमच्याच गावात, अजिंक्यताऱ्याच्या सावलीत, मैदानाच्या कडेला ती उघडली आणि मैदानाकडे पाठ करून बसलो. काय मॅच झाली म्हणून सांगू! अजून अंगातलं वारं उतरलेलं नाही. सकाळी कारखान्यात आलो, लेथ चालू केली, पुन्हा बंद केली. तुम्हाला सगळं सांगितल्याशिवाय आज माझा कामाला हात लागायचा नाही.

आणि बोलायची पाळीही माझीच आहे. शेवटच्या फोनवर आपण भांडलो आणि तुम्ही सवयीनं "ओव्हर" म्हणून फोन ठेवलात. फौजेत सगळी नोकरी सिग्नलमध्ये, वायरलेसवर काढलेले तुम्ही. बोलणं संपलं असतं तर "आउट" म्हणाला असतात. ओव्हर म्हणजे माझं सांगून झालं, आता तू बोल, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी म्हटलं होतं, उद्या बोलतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या नंबरावरूनच फोन आला, पण पलीकडे तुमचा मुलगा होता.

भांडण कशावरून होतं? अनिकेत की सिद्धार्थ. हंगामभर दुसरं काय होतं आपल्याला!

आम्ही कुपवाडच्या पाच कारखानदारांनी मिळून हा फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा तुम्हाला प्रशिक्षक म्हणून आणायची कल्पना माझी. बाकीचे म्हणाले, साताऱ्याचा माणूस सांगलीचा संघ कशाला घडवेल? तुम्ही आलात ते एसटीनं. मोटार पाठवतो म्हटलं तर म्हणालात, "एस्टीत चार मान्सं भेटत्यात. तुज्या मोटारीत तू एकलाच भेटणार, आन् तू काय नवा हायस का मला?" वसाहतीत तुमच्याएवढं मला तोंडावर टोकणारं कुणी नव्हतं. चारचौघांत मला शेठ म्हणायचात आणि त्या शेठमध्ये एवढी टिंगल असायची की माझे कामगारही खाली मान घालून हसायचे.

मग यंदा लीगवाल्यांनी तो नियम आणला. संघाच्या एकूण मानधनाला वरची मर्यादा. जुन्यातले जे राखायचे ते त्या मर्यादेत बसवायचे, बाकीचे मोकळे सोडायचे आणि सोडलेल्यांना दुसऱ्या संघांनी त्याच दिवशी उचलायचं. आम्ही पाचही जण कुरकुरलो. आपण घडवलेली पोरं आपणच सोडायची, हा कुठला न्याय? तुम्ही मात्र मांडीवर थाप मारून हसलात. "ह्ये तर रेशन झालं की रं! समद्यांना सारखंच. आता कळंल कुनाचा लंगरवाला बरा शिजीवतो." तेव्हापासून आपल्याकडे त्या मर्यादेला रेशन हेच नाव पडलं. कुणाला राखायचं याची बैठक असली की शिंदे फाउंड्रीवाले फोनवर सांगायचे, "मी जरा रेशनच्या कामात आहे." त्यांच्या बायकोनं एकदा पिशवी पाठवून दिली होती.

गोलकीपर आणि मधला समीर, या दोघांवर सगळ्यांचं एकमत होतं. त्यांना धरून रेशनात जागा उरत होती ती एकाचीच. अनिकेत किंवा सिद्धार्थ.

अनिकेत मिरजेचा, आपला स्ट्रायकर. माझा जीव की प्राण. मी ते कधी लपवलं नाही. त्यानं चेंडू पायाशी घेतला की चहावाला किटली खाली ठेवून उभा राहायचा. गोल करणारा खेळाडू सोडायचा आणि अडवणारा ठेवायचा, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आणि सिद्धार्थ तुमचा. कोयनानगरच्या वसाहतीतला, डाव्या बाजूचा बचावपटू. त्याचं खेळायचं मैदान उतारावर. तिथला नियमच असा की ज्याच्या बाजूनं चेंडू सुटला त्यानंच उतरून घाटाच्या वळणावरून तो आणायचा. "त्या पोराला ठावं हाय, चेंडू ग्येला म्हंजी काय हुतंय," असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, आबा, आपलं मैदान सपाट आहे. तुम्ही म्हणायचात, "तुजं डोस्कं बी."

पण तुमचा खरा मुद्दा वेगळा होता, आणि तो समजायला मला किती दिवस लागले! पहिल्यांदा तुम्ही प्रॅक्टिस मॅचला फौजेतली घडीची खुर्ची मैदानाकडे पाठ करून मांडलीत, तेव्हा आम्हाला वाटलं म्हातारा रुसला. शिंदे माझ्या कानात म्हणाले, चहा गार दिला असणार. मैदान राखणारे मारुतीकाका बिचारे अदबीनं आले आणि तुम्हाला उठवून खुर्ची सरळ करून गेले. तुम्ही पुन्हा फिरवलीत. त्यांनी पुन्हा सरळ केली. तिसऱ्यांदा तुम्ही ओरडलात, "आवं काका, मला बघायचं न्हाई, ऐकायचं हाय!"

आणि मग मला शेजारी बसवून घेतलंत. "डोळं लय लबाड असत्यात. ज्येच्या पायात चेंडू, त्येच्याकडंच पळत्यात. कान तसं न्हाईत. अडचनीत पोरं कुनाचं नाव घेत्यात, त्येवढंच ऐक. हाक दोन परकारची असती, विज्या. एक लाडाची, एक गरजंची. गोल हुयाची येळ आली की समदी आन्या आन्या करत्यात. ती लाडाची. आन् चेंडू आपल्या अंगावर आला, फाटली, की कुनाला हाक मारत्यात? ती गरजंची."

मी कान दिले. "सिद्धू! सिद्धू! डावीकडं, सिद्धू!" तेच. पुन्हा तेच. तुम्ही माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्यात. मला आला राग. मी हळूच समोर उभ्या केलेल्या टेम्पोच्या आरशात मैदान बघायला लागलो, तर तुम्ही उठलात, आरसा आत दुमडलात आणि परत येऊन बसलात. चहावाल्यानं ती गोष्ट अख्ख्या औद्योगिक वसाहतीत केली. अजूनही मी टेम्पो उभा केला की पोरं विचारतात, शेठ, आरसा झाकू का?

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला तो शेवटच्या फोनपर्यंत. तुम्ही म्हणायचात, "अनिकेतचं नाव मला ऐकीव, मी त्येला राखतो. गरजंची एक हाक ऐकीव." मी म्हणायचो, स्ट्रायकरला गरजेची हाक मारायला पोरं काय वेडी आहेत? तो पुढं असतो! तुम्ही म्हणायचात, "त्येच की." आणि वर ओव्हर.

तुमच्या बाराव्याला आम्ही सगळे साताऱ्याला आलो. नेहमी ओरडणारी पोरं दाराशी ओळीनं उभी राहून लोकांच्या चपला सरळ लावत होती. काकींनी मला आत बोलावलं. रडत नव्हत्या, रागावल्यासारख्या दिसत होत्या. कोपऱ्यातली खुर्ची दाखवून म्हणाल्या, "ती तेवढी घिऊन जावा. घरात त्येनी कवा सरळ बसलं न्हाईत तिच्यावर. मी म्हनायची, आवं, जरा सरळ त्वांड करून बसा की मान्सागत. तर म्हनायचं, तुजं बोलनं ऐकायला त्वांड कशाला लागतंय?" एवढं बोलून त्या हसल्या आणि मग मात्र त्यांना आवरेना. मलाही आवरलं नाही, आबा. मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून भोकाड पसरलं.

राखायची नावं द्यायचा दिवस जवळ आला. माझ्या कारखान्याच्या ऑफिसात पाचाऐवजी सहा खुर्च्या होत्या, कारण तुमची मी तिथंच ठेवली होती. शिंदे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आता चर्चाच नको. सिद्धार्थला राखू. आबांची शेवटची इच्छा होती." बाकी तिघांनी माना हलवल्या. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू याला नाही म्हणण्याएवढा दगड मी नक्कीच नसणार.

मी टेबलावर हात आपटला. तुमच्या नावानं मत टाकायचा अधिकार यांना कुणी दिला? तुम्ही हयातीत कधी कुणाला "मी सांगतो म्हणून" असं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात, ऐक. मी त्यांना म्हटलं, "आबांना इच्छा नव्हत्या, कान होते. उद्या संध्याकाळी प्रॅक्टिस आहे. पाचही जण पाठ करून बसायचं. ज्याचं नाव ऐकू येईल तो राहील. सिद्धूचं आलं तर मी अनिकेतचं नाव पुन्हा काढणार नाही."

खरं सांगतो, त्या वेळी आपण हरणार अशी माझी खात्रीच होती. पण तुमच्या पद्धतीनं हरायचं, तुमच्या जाण्यामुळं नाही, एवढंच मनात होतं.

काय दृश्य असेल ते! कुपवाडचे पाच कारखानदार ओळीनं, मैदानाला पाठ, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड. कारखान्यांची पाळी नुकतीच सुटलेली. टू-व्हीलरवरून घरी जाणारी माणसं गाड्या हळू करून बघत होती. एकानं विचारलंच, "काय शेठ, शाळंत शिक्षा झाली व्हय?" शिंद्यांना हसू फुटलं, मी त्यांना दटावलं. मधोमध मी, तुमच्या खुर्चीत. टेम्पो मी मुद्दाम कारखान्यातच ठेवून आलो होतो.

सुरुवातीला सिद्धू. पुन्हा सिद्धू. शिंदे माझ्याकडे न बघता खाकरले. मी भिंतीवरचा पोपडा बघत बसलो. मग बहुतेक कॉर्नर मिळाला असावा, कारण सगळे आवाज एका बाजूला गोळा झाले. बुटांची धडपड, कुणीतरी पडल्याचा आवाज. आणि आबा, आपला गोलकीपर घसा फोडून ओरडला, "आन्या! आन्या, मागं! तुज्याकडं हाय, आन्या!"

मी शिंद्यांकडे बघितलं. शिंदे माझ्याकडे. गोलकीपर स्ट्रायकरला हाक मारतोय! आपल्या गोलच्या तोंडाशी! थोड्या वेळानं पुन्हा तेच, या वेळी समीरचा आवाज. मग खुद्द सिद्धूचा. "आन्या, माज्याकडनं सुटलाय, झाक त्येला!" सिद्धू, तुमचा सिद्धू, अडचणीत हाक मारत होता आणि ती अनिकेतला! मला उठून नाचावंसं वाटत होतं आणि मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो, कारण वळायचं नाही हा नियम मीच घातला होता. लाडाची हाक असती तर मला कळली असती. ही लाडाची नव्हती. पोरांची फाटली होती आणि ती अनिकेतला बोलावत होती.

मॅच संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हे कधीपासून? तो घाम पुसत म्हणाला, "आबांनीच सांगितलं हुतं. म्हनलं, शेठ तुला राखायचं म्हनतोय, मी न्हाई म्हनतोय. मला तुजं नाव ऐकू येत न्हाई गड्या. त्येवढं ऐकीव, मंग मीच शेठला सांगतो. तवापास्नं रोज मागं पळतोय." मग बुटाची नाडी सोडत म्हणाला, "त्यांनी ऐकायच्या आदीच ग्येले."

म्हणजे बघा! फोनवर माझ्याशी कडाकडा भांडत होतात आणि इकडे माझ्याच खेळाडूला माझी बाजू मांडायला शिकवत होतात. एवढा लबाड माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि ते मला सांगितलंही नाहीत! वाद लवकर मिटू नये म्हणून ना? मलाही तो मिटायला नको होता, आबा. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. रोजचं ते भांडण मला दिवसभराच्या कामापेक्षा प्यारं होतं. तुमच्यामुळं मला पन्नाशीत पुन्हा कशाचं तरी वेड लागलं.

नावं गेली. गोलकीपर, समीर, अनिकेत. मी जिंकलो होतो, तुमच्याच कानांनी.

सिद्धार्थला सांगायला मी स्वतः गेलो. असलं काम फोनवर करू नये, तेही तुमच्याकडूनच शिकलो. तो खोलीच्या दारात बूट धूत बसला होता. मी म्हटलं, सिद्धू, रेशनात बसलं नाही रे. त्यानं मान हलवली. ब्रश चालूच. मग विचारलं, "आबांचं काय म्हननं हुतं?"

मी म्हटलं, "तुझ्याच बाजूनं. शेवटपर्यंत. माझ्याशी भांडत होते तुझ्यासाठी."

त्यानं ब्रश खाली ठेवला. चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. "मंग बास," म्हणाला. मला आत बसवून त्यानं चहा केला. ज्याला सोडून दिलं त्याच्या हातचा चहा मी पीत होतो. संध्याकाळच्या आत त्याला उचललं, आणि कुणी उचललं माहीत आहे? साताऱ्यानं! तुमच्या गावानं! कोयनेहून त्याच्या आईला मॅच बघायला यायलाही ते जवळ. आणि हंगामातली पहिलीच मॅच, आपली, साताऱ्याशी, साताऱ्यात.

तर काल. मैदानाच्या कडेला पेन्शनर फौजींची सगळी फळी बसलेली. मी खुर्ची उलटी मांडली, तर एक मिशाळ सुभेदार म्हणाले, "आवं पावनं, म्याच हिकडं हाय!" मी म्हटलं, माहीत आहे, मी ऐकायला आलोय. त्यांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

आधी आपला गोल झाला, मग त्यांचा. ते मी आरोळ्यांवरून ओळखलं. पण माझे कान दुसऱ्याच कामात होते. तिकडून सातारची नवी पोरं ओरडत होती, "सिद्धू! सिद्धू, डावीकडं!" नव्या संघात पहिल्याच मॅचला त्याची हाक गरजेची झाली होती. इकडून आपली पोरं, "आन्या, मागं!" एका कानात तुम्ही, एका कानात मी. वळून बघायची इच्छासुद्धा होत नव्हती. एवढं सुख मला एकही गोल बघताना मिळालेलं नाही.

आणि अगदी शेवटी चेंडू अनिकेतला सुटला. ते सगळ्या मैदानाच्या आवाजावरून कळलं. तो पळतोय, म्हणजे त्यांच्या डावीकडं पळतोय, म्हणजे समोर सिद्धू. दोघंच. आपली पोरं "आन्या!" करतायत, त्यांची "सिद्धू!" करतायत, सुभेदार खुर्चीवर उभे राहिलेत. आता कुणाच्या बाजूनं ओरडायचं तेच कळेना. दोघंही माझेच, दोघंही तुमचेच. आणि मी मैदानाकडे पाठ ठेवूनच, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. तोंडातून निघालं ते, "आबा!"

दुसऱ्या क्षणी सातारकर उसळले. सिद्धूनं चेंडू काढला होता. मॅच बरोबरीत सुटली. मी बसल्या जागी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

सुभेदार खाली उतरले. माझ्याकडे वाकून, मघाची चेष्टा विसरून, मनापासून विचारलं, "आवं पावनं, ह्यो आबा कोन? कितवा नंबर त्येचा?"

मी म्हटलं, "नंबर नाही. आम्ही त्यांना राखलंय. रेशनाच्या बाहेर."